गोधडीच्या काठाला लाटा येतात, उसवू का? – सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं झालंय ते असं: आईच्या सुती साड्या आणि थोडं नवं कापड मिळून ६ इंची ८८ चौकोन जोडलेत, आडवे ८ आणि उभे ११, आणि भोवतीनं आजीच्या इरकल नऊवारीचा काठ लावलाय. शिवताना सगळं छान वाटलं, पण जमिनीवर पसरली तर मधला भाग सपाट आणि काठ मात्र भाजलेल्या पापडासारखा वरखाली, कोपरे तर उभेच. मधून मोजलं तर उभी लांबी ६६.५ इंच भरते आणि काठ भरतो ६८. आता तुम्ही विचारताय की अस्तर लावून धावदोरा घातला की आपोआप बसेल का, की उसवावंच लागेल, आणि आजीचा काठ असल्यामुळे उसवायला हात धजत नाहीये.

माझ्या मते उसवा. पण काठ वाया जाणार नाही, उलट जास्त चांगला बसेल, तो कसा ते खाली सगळं लिहिते. मी वीसेक वर्षं गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवतेय, त्यामुळे जे लिहितेय ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी हे की तुमची शिलाई बिघडलेली नाही. तुम्ही मशीनचं टेन्शन, सुईचा नंबर, दोरा असं बरंच विचारलंय पण खरी गोष्ट तुमच्याच एका वाक्यात आहे, "काठ भरपूर लांब होता म्हणून सरळ शिवत गेले आणि शेवटी उरलेला कापून टाकला." नव्यानं शिवणाऱ्या दहापैकी नऊजणी असंच करतात कारण ते सोपं वाटतं, मापाची कटकट नाही. पण काठ असा लावला की तो किती लांब व्हायचा हे तुम्ही ठरवत नाही, मशीन आणि ताणलेली कड मिळून ठरवतात.

कड ताणलेली कशी ते बघा. चौकोन जोडून झाले की मधला भाग शिवणींनी चारी बाजूंनी बांधलेला असतो, तो हलत नाही. बाहेरची कड मात्र मोकळी असते. आपण ती उचलतो, घडी घालतो, इस्त्री करतो, खुर्चीवर टाकून ठेवतो, आणि प्रत्येक वेळी ती थोडी थोडी लांबते, शिवणींची टोकं किंचित सुटतात. त्यात चौकोन जुन्या साडीचे, म्हणजे कापड मऊ पडलेलं, आणि एखादा चौकोन धाग्याच्या रेषेत न कापता तिरका कापला गेला असेल तर विचारूच नका, क्रॉसमधलं कापड नुसत्या हातानं धरलं तरी वाढतं. त्यामुळे मधून ६६.५ असलेली गोधडी कडेला मोजली तर ६७ च्या वर सहज जाते.

राहिला पाऊण-एक इंच, तो मशीनचा. तुम्ही लिहिलंय की चौकोनांचे सांधे उलटू नयेत, डोळ्यांसमोर राहावेत म्हणून चौकोन वर आणि काठ खाली ठेवून शिवलं. विचार बरोबर होता, पण मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचा फूट वरच्या कापडाला मागे रेटतो, म्हणजे दर टाक्याला खालचं कापड केसभर जास्त जातं. एका टाक्यात ते दिसत नाही, पण ६६ इंचांत शेकडो टाके पडतात. खाली काठ होता, म्हणून काठच जास्त गेला. तुमचा दीड इंच हा असा दोन्हीकडून जमलेला आहे.

आता अस्तर लावल्यावर बसेल का? हे किती जास्त आहे त्यावर अवलंबून. ६६ इंचाला अर्धा इंच जास्त असता तर मी म्हटलं असतं, राहू द्या, धावदोऱ्यानं कापड थोडं आत ओढलं जातं आणि पहिल्या धुण्यात नव्या कापडाचं आटणं होतं, त्यात तेवढं जिरून जातं. पाऊण इंच असेल तर कापूस जाड आहे का आणि टाके किती जवळ घालणार आहात ते बघावं लागतं. पण दीड इंच म्हणजे नाही. मधून टाके घालत बाहेर गेलात तर तो फुगा पुढे सरकत सरकत काठाशी येतो आणि शेवटी तिथे चुणी बसते. कडेनं आत गेलात तर तो मध्ये ढकलला जातो आणि अस्तराला सुरकुत्या पडतात. तो फुगा कुठे तरी निघणारच. मी एकदा एका लग्नाच्या ऑर्डरीत हट्टानं तसाच दाबून टाके घातले होते, चार कोपऱ्यांना चार दुमडी बसल्या आणि त्या नंतर निघेचनात कारण तोपर्यंत तीन थरांतून टाके गेलेले. तेव्हापासून काठ सपाट पडल्याशिवाय मी अस्तर बाहेर काढत नाही.

जाता जाता एक, कारण तुम्ही लिहिलंय की "आजीच्या वाकळेला असं कधी व्हायचं नाही." बरोबर आहे, पण तिची पद्धतच वेगळी होती. जुनी साडी, धोतर अंथरून, सगळे थर एकावर एक ठेवून, कड आत दुमडून आधी कडेला टाका आणि मग चौकोनात फिरत फिरत आत. तिथे कड पहिल्यांदाच पक्की होते, वेगळा काठ नंतर चिकटवायचा प्रश्नच नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका जी कवंद नावाची गोधडी शिवतात तीही अशीच, कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं तुकडे लावत मधोमध संपवतात, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची छोटी फुलं लावल्याशिवाय कवंद पूर्ण झाली असं मानत नाहीत. आपण मात्र आधी वरचा थर पूर्ण जोडतो, मग काठ, मग कापूस आणि अस्तर. या पद्धतीत कडेवर विश्वास ठेवून चालत नाही, मोजावंच लागतं.

मोजायचं कसं तर गोधडीच्या मधून, कडेवरून नाही. घरात चौकोनी फरशी असेल तर फार सोपं पडतं. उसवल्यावर मधला भाग फरशीवर टाका, हातानं सपाट करा पण ओढू नका, आणि फरशीच्या सांध्याची रेघ धरून बघा बाजू सरळ जातेय का. मग उभी लांबी तीन ठिकाणी मोजा, अगदी मध्ये आणि मधून दोन्हीकडे फूट-दीड फूट सरकून. तिन्ही जवळपास सारखी आली तर तेच माप. थोडा फरक आला तर तिन्हीची सरासरी. एक इंचापेक्षा जास्त फरक आला तर काठाचा विचार सोडा, आधी चौकोनांच्या शिवणी तपासा, कुठेतरी माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर राहणारं कापड, जास्त घेतली गेली असणार. आपल्याला वाटतं अर्ध्या सुतानं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काय होतंय, पण अर्धं सूत दोन्ही तुकड्यांतून जातं म्हणजे दर सांध्याला एक सूत, आणि ११ चौकोनांच्या ओळीत १० सांधे, झाला सव्वा इंच. नंतर दोन्ही कर्ण मोजा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. ते सारखे आले की चौकट काटकोनात आहे.

तुमच्या आकड्यांत बोलू. पाव इंच माया धरली तर मधला भाग न दुमडलेल्या कडांसकट ४८.५ बाय ६६.५ असायला हवा. उभं माप तेच आलंय, म्हणजे चौकोन तुम्ही फार चांगले जोडलेत, हे मनापासून सांगते, ८८ तुकड्यांत एवढं नेमकं माप येणं सोपं नाही. आता उभ्या बाजूंचे दोन्ही काठ बरोबर ६६.५ इंचांचे हवेत, एक सूत कमी नाही की जास्त नाही. मग कड ६७ वर गेलेली असली तरी तिला ६६.५ मध्ये बसावं लागतं. माझ्या लेखी काठाचं हेच काम आहे, दिसायला तर तो छान असतोच पण सैल झालेल्या कडेला तो परत मापात आणतो.

उसवताना घाई नको. आजीची साडी म्हणजे धागा विरलेला असणार, सीम रिपर (शिवण उसवायचं हत्यार) जोरात पुढे रेटला तर शिवणीऐवजी कापडच फाटतं. चौकोनांच्या बाजूनं दर चौथा-पाचवा टाका छोट्या टोकदार कात्रीनं कापा, पूर्ण ओळ तशी कापून झाली की उलट बाजूचा दोरा एका टोकाला धरून हळूच ओढा, तो लांबच्या लांब निघून येतो. मग तुटके टाके बोटानं झाडून टाका. काठ दोन्ही हातांनी फाकवून टर्रकन ओढायचा नाही, त्यानंच कड परत ताणली जाते.

काठ सुटा झाला की तो एकदा नीट बघा. नऊवारी रोज नेसलेली असेल तर खालचा काठ पायाशी घासून झिजलेला असतो, वरचा धडधाकट राहतो. उजेडाकडे धरा, जिथे जाळी दिसते तो भाग घेऊ नका. तुमच्याकडे कापड भरपूर आहे, ९ वार म्हणजे ३२४ इंच, आणि काठ दोन. गोधडीला चारी बाजूंनी लागतो जेमतेम अडीचशे इंच. काठ कापताना साडीच्या अंगाचं अर्धा इंच कापड त्याला सोबत राहू द्या, शिवण त्या अंगावर येते आणि काठाची नक्षी पूर्ण दिसते. विरलेल्या भागात पाव इंच मायेवर भरवसा नको, तिथे मी तीन सूत घेते, फक्त मग चारी बाजूंना तेवढीच घ्यायची आणि मापं त्याप्रमाणे थोडी वाढवायची.

इरकलीचं आणखी एक. अंग सुती आणि काठ रेशमी किंवा आर्ट सिल्कचा असेल तर दोघं सारखे आटत नाहीत. जुनी साडी शंभर वेळा धुतलेली असते त्यामुळे तिचं आटून झालेलं असतं, पण तुमच्या चौकोनांत थोडं नवं कापड आहे म्हणालात, ते जर पाण्यातून न काढता वापरलं असेल तर पहिल्या धुण्यात मधला भाग आटेल, काठ तसाच राहील आणि लाटा परत येतील. तसं असेल तर काठ लावायच्या आधी मधला भाग कोमट पाण्यात बुडवून सावलीत आडवा वाळवा, मग इस्त्री करून मोजा. आणि काठाचा रंग सुटतो का ते आधी बघाच, पांढरा ओला रुमाल काठावर ठेवून वरून इस्त्री फिरवायची, रुमालाला रंग लागला तर काठ दोन-तीनदा वेगळा धुऊन घ्यायचा. लाल आणि मोरपंखी काठ फार फसवतात.

साडीचा काठ वापरण्यात एक मोठा फायदा आहे तो सांगते. काठ साडीच्या लांबीत जातो, म्हणजे त्यात लांबीच्या दिशेनं उभे ताण्याचे धागे असतात, आणि कापड त्या दिशेला सगळ्यात कमी ताणतं. नवीन कापडाची बॉर्डर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ४४ इंची पन्ह्याचं कापड आडवं कापलं तर तुमच्याएवढ्या गोधडीला साडेचार इंची ७ पट्ट्या लागतात, साधारण ८० सेंटिमीटरमध्ये काम होतं, पण जोड येतात आणि पट्टी थोडी लवचिक निघते. तेच उभं कापलं तर पावणेदोन मीटर आणावं लागतं पण जोड एकही नाही, पट्टी सरळसोट, आणि उरलेलं गोटाला (अगदी शेवटी कडेवर लावायच्या पट्टीला) नाही तर अस्तराला जातं. परवडत असेल तर मी नेहमी उभं कापते. आडव्या पट्ट्या जोडायच्या झाल्या तर जोड तिरका घ्या, जाडी एका जागी येत नाही आणि दिसतही कमी. रेघांच्या काठाला मात्र सरळच जोड घ्या, रेघेला रेघ जुळवून.

आता कोपरे. रेघांच्या काठाला खरा शोभतो तो फोटोच्या चौकटीसारखा तिरका जोड, रेघ वळून पुढे जाते. पण त्याला प्रत्येक पट्टी बाजूपेक्षा १२-१३ इंच तरी लांब हवी आणि तुमच्या पट्ट्या कापून झाल्यात. तुम्ही म्हणाल दुसरा काठ शिल्लक आहे, तो वापरू. वापरू शकता, पण तो खालचा असेल आणि झिजलेला असेल तर माझं मन होणार नाही. त्यापेक्षा मी तुमच्या जागी असते तर कोपऱ्यांना वेगळे चौकोन लावले असते, तेही त्याच साडीच्या पदराचे. इरकलीचा लाल-पांढरा पदर कोपऱ्याला फार उठून दिसतो, आणि एकाच साडीचं अंग, काठ, पदर सगळं एका गोधडीत येतं.

त्याचं माप असं. काठ तयार ४ इंच दिसायचा असेल तर पट्टी ४.५ इंच रुंद. उभ्या दोन पट्ट्या ६६.५ च्या, तुमच्या सध्याच्या ६८ च्या आहेत त्यातूनच निघतील. आडव्या दोन ४८.५ च्या, त्या तर तुमच्याकडे ५७-५८ इंच असणार म्हणजे चांगला भाग निवडायला वाव आहे. पदराचे ४.५ बाय ४.५ चे चार चौकोन. आधी उभे काठ लावा. मग आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक चौकोन जोडा, ती पट्टी ५६.५ इंच होते, आणि उभे काठ लावल्यावर गोधडीची रुंदीही तेवढीच झालेली असते. मधून मोजून खात्री करा आणि लावा. सांध्यांच्या माया दोन्हीकडच्या काठाकडेच दाबल्या की कोपऱ्यात त्या उलटसुलट येऊन एकमेकींत बसतात, जाडही होत नाही आणि कोपरा बरोब्बर जुळतो.

शिवायच्या आधी टाचण्या लावण्यात वेळ घाला, इथे कंटाळा करू नका. काठाची मधोमध घडी घालून नखानं खूण करा, परत अर्धी घडी, म्हणजे पाव-पाव हिश्श्याच्या खुणा. गोधडीच्या कडेवरही तशाच खुणा. आधी दोन्ही टोकं टाचा, मग मध्य, मग पाव हिस्से, आणि त्यानंतर मधल्या जागा. कड थोडी जास्त आहे ती अशी चार भागांत वाटली जाते, एका भागात जेमतेम एक-दीड सूत येतं आणि तेवढं कापडात सहज जिरतं, चुणी पडत नाही. दर दोन-तीन इंचांवर टाचणी हवी, आणि चौकोनांच्या प्रत्येक सांध्यावर एक हवीच.

आणि यावेळी उलटं धरा, चौकोन खाली, काठ वर. जे जास्त आहे ते दात्यांवर. मागच्या वेळी ज्या खोडीनं बिघडवलं तीच आता जास्तीची कड आत घ्यायला मदत करते. सांधे खाली गेल्यामुळे उलटतील ही तुमची भीती खरी आहे, म्हणून आधी मागून सगळ्या माया इस्त्रीनं पक्क्या एका बाजूला बसवा, आणि सांध्यावरची टाचणी सुई अगदी जवळ येईपर्यंत काढू नका. १४ नंबरची सुई, टाका मध्यम, सावकाश. कापड मागून ओढायचं नाही, फक्त दिशा द्यायची. गोधडीचं वजन मशीनवरून खाली लोंबू देऊ नका, शेजारी स्टूल ठेवून त्यावर टाका, लोंबणारं वजनही कड ताणतं.

शिवून झालं की आधी शिवणीवरच इस्त्री ठेवून उचला, मग काठ उघडून वरून. पुढेमागे घासत फिरवू नका, ठेवा आणि उचला. काठ रेशमी असेल तर वर सुती कापड टाकून, कमी गरम.

एवढं झाल्यावर कापूस, अस्तर, कच्चा टाका आणि मग धावदोरा मधून बाहेर. काठातही टाके घाला, दोन तरी ओळी, नुसता मोकळा सोडलेला काठ दोन धुण्यांत लोळतो. गोटाची पट्टी शेवटी, आणि तीसुद्धा हातानं ओढत लावू नका, सैलही नको.

उसवायला बसाल तेव्हा चारी बाजू एकदम उसवू नका. आधी दोन्ही आडव्या काढा, मग एक उभी काढा, कापा, टाचा, लावा, आणि लगेच फरशीवर टाकून बघा. ती बाजू सपाट पडली की दुसरी उभी हातात घ्या. पदराचे चौकोन मात्र दोन्ही उभ्या बाजू बसल्यावरच कापा, तोपर्यंत पदराला कात्री लावू नका.